कॅटचं इंग्रजी : ग्रामर आधी की वाचन आधी?

रामबाग_इंदूर

नमस्कार. मी इंदूरची, घर रामबागेत. घरात मराठी, बारावीपर्यंत हिंदी माध्यम, यंदा बीकॉम झालं. एमबीएच्या प्रवेशाची कॅट परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी असते, म्हणजे हातात चार महिने आहेत. गणिताची भीती नाही, डीआयएलआर, म्हणजे तक्ते-आलेख आणि तर्काचा भाग, सरावाने जमतंय. गाडी अडलीय ती व्हीएआरसीत, म्हणजे इंग्रजीच्या भागात.

काल चौथा मॉक, म्हणजे सराव पेपर, दिला. 24 पैकी 20 प्रश्न सोडवले, 8 बरोबर, 12 चूक. त्या बारातले तीन उत्तर टाईप करायचे होते म्हणून त्यांचे गुण कापले गेले नाहीत, बाकीचे नऊ वजा. 72 पैकी 15. रात्री जेवण गेलं नाही.

भंवरकुव्याला एका कोचिंगमध्ये जाते. तिथे पहिल्याच आठवड्यात ग्रामरच्या नियमांचं जाडजूड पुस्तक हातात दिलं आणि रोज दहा नियम पाठ करायला सांगितले. दोन महिने केले. नियम विचाराल तर घडाघडा म्हणून दाखवेन. पण पॅसेज समोर आला की तिसऱ्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली निसटलेली असते. शब्द बहुतेक ओळखीचे असतात, तरी वाक्य कळत नाही. मग परत पहिल्यापासून वाचते, आणि घड्याळ पळत राहतं.

ग्रामर सोडून नुसतं वाचन करू का? आणि वाचन करायचं म्हणजे नक्की काय करायचं? सगळे "पेपर वाच, पेपर वाच" म्हणतात. दोन महिने संपादकीयं वाचतेय, फरक नाही. हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या कुणी यातून वाट काढली असेल तर कृपया सविस्तर लिहा.


पोहेजलेबी

मीही इंदूरचाच, सुदामा नगर. कॅट दोनदा दिली, दुसऱ्यांदा जमली. माझं मत स्पष्ट आहे : ग्रामरचं पुस्तक आजच बंद कर.

पेपरची रचना बघ. गेली काही वर्षं व्हीएआरसीला 40 मिनिटं आणि 24 प्रश्न आहेत. त्यातले 16 चार पॅसेजवर, उरलेले 8 म्हणजे वाक्यांचा क्रम लावणं, गटात न बसणारं वाक्य शोधणं, सारांश, वाक्य कुठे बसेल ते सांगणं. बरोबरला 3, चुकीला वजा 1. "या वाक्यातली चूक ओळखा" असा सरळ ग्रामरचा प्रश्न आता येत नाही. मग दहा नियम रोज कशासाठी?

आणि तू 20 सोडवलेस ही पहिली चूक. तीन पॅसेज निवड, प्रत्येकी दहा मिनिटं दे, चौथ्याकडे बघू नकोस. उरलेल्या दहा मिनिटांत सुटे प्रश्न. टाईप करायच्यांना निगेटिव्ह नसतं, ते कधीही कोरे सोडायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी चारही पॅसेज धावत वाचले आणि चारही अर्धवट कळले. दुसऱ्या वर्षी तीनच वाचले.


लष्कर_ग्वाल्हेर

वाचतोय. माझ्या बहिणीचंही हेच चालू आहे, तिला हा धागा पाठवला.

पोहेजलेबी, कॅटपुरतं बरोबर आहे. पण रामबाग ताईंनी एकाच परीक्षेवर थांबू नये. सीमॅट ही एमबीएचीच दुसरी प्रवेश परीक्षा, तिला लँग्वेज कॉम्प्रिहेन्शनचे 20 प्रश्न असतात, बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1, आणि तिथे वाक्यातल्या चुका विचारतात. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत 200 पैकी 50 प्रश्न इंग्रजीचे, वेळ 150 मिनिटं, निगेटिव्ह नाही. तिथेही ग्रामर येतं. आपल्या मध्य प्रदेशातली मुलं ती सीईटी देऊ शकतात, हे आमच्याकडे पुष्कळांना माहीतच नसतं. पुस्तक बंद करा, पण रद्दीत घालू नका.


खडूफळा

मुली, तुझा मॉकचा हिशोब वाचला आणि लिहायला बसले. मी इंदूरच्याच एका हिंदी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. आता घरी शिकवते, टिळक नगरात.

ग्रामर की वाचन हा प्रश्नच मला पटत नाही. तुझं वाक्य निसटतं ते ग्रामर कमी म्हणून नाही आणि शब्द कमी म्हणूनही नाही. तू इंग्रजी वाक्य मराठी वाक्यासारखं वाचतेस म्हणून निसटतं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी. "महेश्वरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या सासूबाईंनी परवा नर्मदेवर दिवे" इथपर्यंत आपण निवांत थांबतो, कारण "सोडले" येणार याची खात्री असते. वर्णन आधी, माणूस मग, क्रिया सगळ्यात शेवटी. इंग्रजीत माणूस आधी येतो, त्याच्या मागे वर्णनाचं शेपूट लागतं, आणि क्रियापद त्या शेपटाच्या पलीकडे कुठेतरी असतं. ते येऊन गेलं तरी आपलं मन शेवटाची वाट बघत बसतं. पूर्णविराम येतो, हातात काही नसतं.

एक वाक्य देते, मीच केलेलं. वहीत इंग्रजीत लिहून घे :

द टेम्पल्स दॅट अहिल्याबाई, हू रूल्ड फ्रॉम महेश्वर, हॅड रीबिल्ट अ‍ॅट काशी अँड गया स्टिल ड्रॉ पिल्ग्रिम्स.

यात क्रियापदासारखं दिसणारं तीन ठिकाणी आहे : रूल्ड, हॅड रीबिल्ट, ड्रॉ. मुख्य कुठलं? "दॅट" पासून "गया" पर्यंतच्या शब्दांवर बोट ठेव आणि झाक. उरलं काय? द टेम्पल्स स्टिल ड्रॉ पिल्ग्रिम्स. देवळं आजही यात्रेकरूंना ओढून आणतात. एवढाच वाक्याचा कणा. मग बोट काढ आणि विचार, कुठली देवळं? अहिल्याबाईंनी काशी आणि गयेला पुन्हा बांधलेली. कुठल्या अहिल्याबाई? महेश्वरहून राज्य करणाऱ्या. मराठीत याच वाक्याचा चेहरा उलटा होतो : "महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी काशी आणि गयेला जी देवळं पुन्हा बांधली, ती आजही यात्रेकरूंना ओढून आणतात." "जी… ती" ही जोडी आली बघ. इंग्रजीत तो "ती" नसतोच, म्हणून आपल्याला कळत नाही की शेपूट संपलं कुठे.

माझ्या मुलांना मी याला "वाक्य सोलणं" म्हणते. रोज पाच लांब वाक्यं सोल. पाचच. कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन, बाकी कंसात. तीन आठवडे. संपादकीयं पानंच्या पानं वाचून जे झालं नाही ते यातून होईल.


मांडवी_बडोदे

काकू, हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. वाचनखूण साठवली.


पोहेजलेबी

सोलण्याची पद्धत मस्तच आहे, मान्य. पण काकू, परीक्षेत 40 मिनिटांत कोण रेघा मारत बसणार? आणि हे वाचनच झालं ना, ग्रामर कुठे आलं?


खडूफळा

परीक्षेत रेघा मारायच्या नाहीत. घरी तीन आठवडे मारल्या की डोळा आपोआप क्रियापदाकडे जातो. सायकल शिकताना आपण पॅडलकडे बघतो, नंतर रस्त्याकडे बघतो ना, तसंच.

आणि ग्रामर कुठे आलं म्हणतोस? वाक्यांचा क्रम लावताना बघ. दोन वाक्यं घे : "द लूम ले आयडल थ्रू द रेन्स." आणि "अ वीव्हर इन महेश्वर बॉट अ लूम." कुठलं आधी? माग पहिल्यांदा भेटतो तिथे "अ", ओळख झाल्यावर "द". मराठीत आपल्याकडे हे प्रकरणच नाही. "विणकराने माग घेतला, माग पावसाळाभर पडून राहिला", दोन्हीकडे नुसता माग. म्हणून आपली मुलं आर्टिकल वाचतच नाहीत, डोळे त्यावरून घसरतात. नियम सगळ्यांना पाठ असतो, तो क्रम लावायला वापरायचा असतो हे कुणी सांगत नाही. तेच "धिस", "सच", "दीज" यांचं. "सच अ क्लेम" दिसलं की तो दावा आधीच्या वाक्यात असलाच पाहिजे. तुझ्या त्या आठ सुट्या प्रश्नांत निम्मं काम हेच शब्द करतात.


पोहेजलेबी

हे बरोबर. माझं "पुस्तक बंद कर" जरा घाईचं होतं. मी स्वतः "द" बघूनच क्रम लावायचो, पण त्याला ग्रामर म्हणतात हे डोक्यात नव्हतं.


रामबाग_इंदूर

काकू, किती आभार मानू. आज ते वाक्य वहीत लिहिलं, बोट ठेवून वाचलं. आईला पण दाखवलं. ती म्हणाली, शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मी इंग्रजी सोडलं नसतं.

लष्कर दादांनी सीमॅट आणि सीईटीचं सांगितलं, दोन्ही भरायचं ठरवतेय. मग चूक ओळखायच्या प्रश्नांसाठी काय करू? नियम येतात, पण वाक्यात चूक दिसतच नाही. सगळी वाक्यं बरोबरच वाटतात.


खडूफळा

बरोबरच वाटणार, कारण ती मराठीत बरोबर असतात! तुझ्या चुका जगातल्या सगळ्या चुका नाहीत. मराठी माणसाच्या इंग्रजीत त्याच सात-आठ फिरून फिरून येतात. पाठ करायच्या तर त्या कर.

"मी दहा वर्षांपासून इंदूरला राहतोय." मराठीत वर्तमानकाळ, आणि "पासून" एकच. म्हणून आपण म्हणतो, आय अ‍ॅम लिव्हिंग इन इंदूर सिन्स टेन इयर्स. त्यात दोन चुका. "पासून" मध्ये इंग्रजीचे दोन शब्द दडलेत : किती काळ हे सांगायचं तर "फॉर", कधीपासून हे सांगायचं तर "सिन्स". आणि तेव्हा सुरू होऊन अजून चालू आहे म्हणून "हॅव बीन लिव्हिंग".

"जरी पाऊस होता, तरी तो आला." आपल्याला जोडीशिवाय चैन पडत नाही, म्हणून ऑल्दो लिहून पुढे बट येतं. इंग्रजीत एकच ठेवायचं.

"त्याविषयी चर्चा केली" म्हणून डिस्कस्ड अबाउट. डिस्कसच्या पोटातच "विषयी" आहे. "तिच्याशी लग्न केलं" म्हणून मॅरीड विथ हर. तिथेही "शी" पोटात आहे.

"तो कुठे राहतो मला माहीत नाही." प्रश्न विचारताना आपण म्हणतो "तो कुठे राहतो?", आणि मोठ्या वाक्यात घातला तरी "तो कुठे राहतो" तसंच राहतं. इंग्रजीत प्रश्नाचा क्रम मोठ्या वाक्यात गेल्यावर सरळ होतो. आपल्याकडे काही हलतच नाही, मग कान खटकणार कसा?

आता सगळ्यात फसवी. "राजवाड्याकडून येताना पाऊस लागला." मराठीत एकदम झकास वाक्य. येणारा मी, लागला पाऊस, कुणाला काही अडचण नाही. इंग्रजीत "कमिंग फ्रॉम राजवाडा" म्हणून स्वल्पविराम दिला की लगेच पुढे येणाराच आला पाहिजे. तिथे "द रेन" आला तर राजवाड्याकडून पाऊस चालत आला असा अर्थ होतो. आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

आणि क्रियापद कुणाच्या मागे जातं. "मुलीने आंबा खाल्ला, मुलीने आंबे खाल्ले, मुलीने पोळी खाल्ली." खाणारी एकच, क्रियापद मात्र जे खाल्लं त्याच्या मागे धावतंय. लहानपणापासून आपल्या कानाला सवय आहे की क्रियापद जवळच्या नामाशी जुळतं. त्यामुळे "द क्वालिटी ऑफ द मँगोज" नंतर आपण सहज "आर" म्हणतो, कारण कानाजवळ मँगोज आहेत. इंग्रजीत कर्ता क्वालिटी, म्हणून "इज". आणि इथे पुन्हा सोलणंच उपयोगी पडतं. "ऑफ द मँगोज" वर बोट ठेवलंस की चूक उघडी.

एक वही कर. डाव्या पानावर तुझं चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर ते मराठीत कसं म्हणतो ते. नियमाचा नंबर लिहू नकोस.


मांडवी_बडोदे

ती राजवाड्याची चूक वाचून अंगावर काटा आला. मी जीमॅट (बाहेरच्या एमबीएची प्रवेश परीक्षा) दिली तेव्हा सेंटेन्स करेक्शन, म्हणजे चुकलेलं वाक्य सुधारणं, हा वेगळा प्रकार होता, आणि नेमक्या याच "येताना" ने माझे गुण खाल्ले. घरी मराठी, बाहेर गुजराती. गुजरातीतही क्रियापद शेवटीच, मग दोन्हीकडून तीच सवय.

ज्यांना बाहेर शिकायला जायचंय त्यांच्यासाठी : 2023 च्या नोव्हेंबरात जीमॅटची नवी आवृत्ती आली, त्यातून सेंटेन्स करेक्शन काढून टाकलं. आता इंग्रजीच्या भागात 45 मिनिटांत 23 प्रश्न, वाचन आणि तर्काचे. बाहेरच्या पदव्युत्तर प्रवेशाची जीआरईही 2023 च्या सप्टेंबरपासून लहान झाली, एकूण दोन तासांच्या आत संपते, आणि तिथेही रिकाम्या जागा संदर्भावरून भरायच्या असतात. परीक्षा बदलत जातात, पण लांब वाक्य सगळीकडे आहे. काकूंची पद्धत तिथेही चालेल.


लष्कर_ग्वाल्हेर

ऑप्शनबद्दल कुणी लिहा ना. बहीण म्हणते, पॅसेज कळतो, पण चारातले दोन ऑप्शन नेहमी सारखेच वाटतात.


पोहेजलेबी

हे मी लिहितो, याच्यासाठी मी फार मार खाल्लाय.

एका मॉकमध्ये शहरांच्या कचऱ्यावर पॅसेज होता. लेखकाचं म्हणणं, घरातच ओला-सुका वेगळा झाला तर पुढची यंत्रणा चालते, पण ही सवय दंडाने लागते की अभिमानाने, हे सांगणं कठीण आहे. प्रश्न : लेखक कशाशी सहमत होईल? एक ऑप्शन होता की नागरिकांच्या अभिमानामुळेच शहरं स्वच्छ होतात. मी डोळे मिटून तोच निवडला. का? कारण मी इंदूरचा! 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर सलग पहिलं येताना बघितलंय, सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकत मोठा झालोय. माझ्यासाठी ते सत्यच होतं. पण लेखकाने ते म्हटलं नव्हतं, तो तर "सांगणं कठीण" म्हणाला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक ऑप्शनला विचारतो : हे कुठल्या ओळीत आहे? ओळ दाखवता आली नाही तर तो गेला, कितीही खरा असला तरी. दुसरं, "ओन्ली", "ऑलवेज", "नेव्हर" असे शब्द दिसले की लेखक खरंच इतका ठाम होता का ते परत जाऊन बघायचं. तिसरा प्रकार सगळ्यात चिवट. ऑप्शनचा पहिला अर्धा पॅसेजमधून उचललेला आणि दुसऱ्या अर्ध्यात कारण नि परिणामाची अदलाबदल. घाईत पहिला अर्धा वाचून आपण टिक करतो. म्हणून ऑप्शन शेवटाकडून तपासायचे.

आणि पॅसेज वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ, मराठीत, रफ पॅडवर. "जुनी समजूत." "तिला विरोध." "पण विरोधातही खोट." एवढंच. इंग्रजीत लिहायला गेलं की आपण त्यांचेच शब्द उतरवतो. मराठीत लिहायचं तर आधी कळावं लागतं.


खडूफळा

ही मराठी ओळीची गोष्ट सोन्यासारखी आहे. रामबाग, त्यात एक भर : "हाउएव्हर", "यट", "नेव्हरदलेस" आले की तुझी ओळ बदलली पाहिजे. बदलली नाही तर तू वळण चुकलीस.

वाचायचं काय, असं तू विचारलं होतंस. राजकारणाची संपादकीयं तुला सोपी जातात, कारण बातमी आधीच माहीत असते. परीक्षेत अनोळखी विषय येतो. म्हणून आठवड्यातले तीन दिवस मुद्दाम न आवडणारं वाच : तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, जीवशास्त्र. एऑन या ऑनलाइन मासिकावर असे निबंध फुकट मिळतात. एक निबंध, घड्याळ न लावता, मराठी ओळींसकट. घड्याळ सप्टेंबरात लावू.


रामबाग_इंदूर

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधे बहिणीचं लग्न होतं, त्यात पाच दिवस गेले, बाकी रोज पाच वाक्यं सोलली. वही निम्मी भरली. उजव्या पानावर मराठी वाक्यं लिहिताना कितीतरी वेळा मनात आलं, अरे, मी असंच तर बोलते!

काल मॉक दिला. तीनच पॅसेज. 15 प्रश्न सोडवले, 10 बरोबर. पाच चुकले, त्यातले दोन टाईप करायचे, म्हणजे वजा फक्त तीन. 72 पैकी 27. अजून खूप बाकी आहे, पण या वेळी एकही पॅसेज पहिल्यापासून परत वाचावा लागला नाही. एक पॅसेज मधमाश्यांच्या दिशाज्ञानावर होता, मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, आणि त्यातलेच चारही बरोबर आले. कोचिंगमध्ये ते पुस्तक अजून चालूच आहे. मी मागच्या बाकावर बसून वाक्यं सोलते.

एक शंका. काकूंच्या पहिल्या वाक्यात "अहिल्याबाई हॅड रीबिल्ट" आहे. मी वहीत "पुन्हा बांधली होती" लिहिलं. आई म्हणाली, बाईंनी स्वतः थोड्याच विटा रचल्या, "बांधवून घेतली" लिही. कुठलं बरोबर?


खडूफळा

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. दोन्ही बसतात. "हॅड रीबिल्ट" हा साधा पूर्ण भूतकाळ धरला तर तुझं बरोबर, आणि "हॅव समथिंग डन" म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणं धरलं तर आईचं. "दॅट" मुळे कर्म आधीच पुढे गेलंय म्हणून दोन्ही रूपं एकसारखी दिसतात. "अहिल्याबाई हॅड द टेम्पल्स रीबिल्ट" लिहिलं असतं तर फक्त आईचं उरलं असतं. मराठीत आपण "बांधलं" आणि "बांधवलं" हा फरक एका "व" ने करतो, इंग्रजीत तो शब्दांच्या जागेने होतो.

वहीत दोन्ही लिही, समोरासमोर. आणि मधमाश्यांच्या पॅसेजमधली तुला सगळ्यात लांब वाटलेली दोन वाक्यं इथे टाक, सोललेली. बघते.